बाईसाहेबांची निवड

"हात पुढे कर," छोटी म्हणाली.

दादाने हात पुढे केले. पन्नाशी ओलांडलेला दातांचा डॉक्टर, ज्याच्यासमोर भलेभले निमूट तोंड उघडून बसत, तो आज अंगणातल्या नळाशी धाकट्या बहिणीपुढे उभा होता. छोटीने त्याच्या तळव्यांचा वास घेतला आणि साबणाची वडी परत त्याच्या हातावर ठेवली.

"लवंगेच्या तेलाचा वास येतोय अजून."

"तो जन्मात जायचा नाही. कातडीत मुरलाय."

"मग मनगटापर्यंत धू. आणि खिसे उलटे कर."

"छोटे, मी आपल्याच बापाच्या अंगणात उभा आहे."

"आईने आप्पांचेसुद्धा खिसे तपासले होते. कर उलटे."

खिशातून गाडीची किल्ली निघाली, रुमाल निघाला आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी निघाली. पुडी छोटीने कठड्यावर ठेवली. तिथे सकाळपासूनची जप्ती मांडलेली होती. चीजचे तुकडे, एक उकडलेलं अंडं, आणि एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थांच्या मोज्यातून निघालेली कलेजी. दर श्वानदिनाला कुणीतरी असं काहीबाही लपवून आणायचंच. कुत्र्याने आपल्याला पसंत करावं म्हणून माणसं कोणत्या थराला जातात यावर छोटी एक पुस्तक लिहू शकली असती. पण ती जनावरांची डॉक्टर, शिवाय कुत्र्यांच्या निवाऱ्याची सर्वेसर्वा, तिला जेवायला फुरसत नसे तिथे लिहिणार कधी?

नियम आईचा होता. श्वानदिन सगळीकडेच साजरा होतो. बाकीच्या निवाऱ्यांत त्या दिवशी लोक पिंजऱ्यांसमोरून फिरतात आणि भाजी निवडावी तशी कुत्री निवडतात. आईने घरामागे निवारा काढला त्या पहिल्याच वर्षी हे उलटं केलं. माणसांनी हात धुऊन, खिसे रिकामे करून बुटक्या स्टुलांवर गोल बसायचं. हाक मारायची नाही, चुटकी वाजवायची नाही. मग एकेक कुत्रा आत सोडायचा. तो ज्याच्या पायाशी बसेल त्याचा. कुणाच्याच पायाशी बसला नाही तर परत आपल्या जागी, आणि त्यात त्याची काही नाचक्की नाही. "वर्षभर माणसंच निवडतात," आई म्हणायची, "एक दिवस त्यांना निवडू दे." कुत्रा बसला की ती एकच शब्द उच्चारायची. ठरलं. तो शब्द म्हटल्याशिवाय काहीही ठरत नसे. आई गेली आणि तो शब्द छोटीच्या वाट्याला आला.

"आपल्या बाईसाहेबांचं नाटक कधी आहे?" दादाने हात चोळत विचारलं.

"सगळ्यांत शेवटी. आणि नाटक तुला वाटतं."

"नाही तर काय? आप्पा जेवणाच्या टेबलावर म्हणाले, बाईसाहेबांनाच विचारू. त्या माझ्याकडे आल्या तर मी याच घरात राहीन, दुसऱ्या कुणाकडे गेल्या तर मुकाट्याने दादाबरोबर जाईन. अगं, ती कुत्री त्यांच्या खाटेखाली झोपते. ते न्हाणीघरात गेले तर दाराबाहेर बसते. ती दुसरीकडे जाईल कशी? आपल्या तोंडाला पानं पुसली त्यांनी, आणि तू टाळ्या वाजवतेयस."

"मी कुठे वाजवल्या टाळ्या?"

"मनातल्या मनात वाजवतेयस."

हे खरंच होतं. छोटीने नळ घट्ट केला.

"परवा ते माझ्या दवाखान्यात आले होते," दादा आवाज खाली आणून म्हणाला. "माझ्यासमोर उभं राहून मलाच विचारलं, डॉक्टर कुठे आहेत?"

"तू मास्क लावला असशील."

"छोटे."

"लावला होतास की नाही?"

"लावला होता. पण बाप पोराला डोळ्यांवरून ओळखतो."

"दादा, वय झालंय त्यांचं. थोडंफार होणारच. मी अंगणापलीकडे राहते, हाकेच्या अंतरावर. तुझ्या चौथ्या मजल्यावर नेऊन काय करणार आहेस त्यांचं? तू दिवसभर लोकांच्या दातांत, वहिनी शाळेत. ते तिथे भिंतींशी बोलणार. त्यातून बाईसाहेबांना सोबत न्यायची सोय नाही."

"ते मी नाही म्हटलं."

"वहिनी म्हणाली. एकच झालं."

बायको कुत्र्याला नको म्हणाली हे दादालाही पटलं नव्हतं. का नको हे त्याने विचारलं तेव्हा ती "मला नाही जमायचं" एवढंच म्हणाली आणि मुलांच्या वह्या तपासायला बसली. त्याने खिसे आत सारले आणि गर्दीकडे निघून गेला.

*

घरात वहिनी आप्पांच्या स्वेटरची बटणं लावत होती. दारं बंद असूनही बाहेरचा गलका ऐकू येत होता. माईकवरून कुणीतरी लोकांना पट्टे आणि वाट्या विकत होतं, आणि नाकाला काळा रंग लावलेली पोरं एकमेकांवर भुंकत होती.

"वरचं नको," आप्पा म्हणाले. "गळ्याशी येतं."

वहिनीने वरचं बटण सोडून दिलं. खाटेखालून बाईसाहेबांचं तोंड तेवढं बाहेर आलेलं होतं. नाकाभोवतीचे केस पांढरे झालेले, एक कान टोकाला फाटलेला. आप्पांनी सगळी नोकरी पोलिसांच्या श्वानपथकातल्या कुत्र्यांना वास काढायला शिकवण्यात घालवली आणि ही त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. पथकात काम करून पाय दुखावल्यावर ती या निवाऱ्यात आली, आणि त्या वर्षीच्या श्वानदिनाला गोलात शिरली ती थेट आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवायला. आई तेव्हा होती. "आल्या बाईसाहेब," ती म्हणाली होती, "आता मला घरात विचारतंय कोण." तेच नाव पडलं.

"आप्पा, अजून वेळ आहे," वहिनी म्हणाली. "मी छोटीला सांगून टाकते."

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

"नको, सूनबाई. वाईटपणा घेतलायस तो आता शेवटपर्यंत घे. माझ्यासाठी."

ते अगदी शांतपणे बोलले. वहिनीला त्या शांतपणाचीच भीती वाटत होती.

गेल्या महिन्यात ती त्यांची औषधं द्यायला भर दुपारी आली होती. फाटकाशी आप्पांची जुनी गाडी उन्हात उभी होती, काचा बंद. ती पुढे निघून गेली असती, पण मागच्या काचेला आतून ओल दिसली म्हणून तिने वाकून पाहिलं. बाईसाहेब मागच्या सीटवर आडव्या पडल्या होत्या. भुंकायचंही त्राण नव्हतं, फक्त पोट हलत होतं. वहिनी लहानपणापासून कुत्र्यांना भिणारी. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारी. तिने दार उघडून त्या धुडाला पट्ट्याला धरून बाहेर ओढलं, नळापर्यंत नेलं आणि साडी भिजेल याचा विचार न करता मांडीवर घेऊन पाणी सोडत बसली. नळी हातातून दोनदा सुटली.

आप्पा कप हातात घेऊन बाहेर आले. "अरे, ही इथे काय करतेय?" ते म्हणाले. "मी तर हिला मघाशीच उतरवली. दार उघडलं, ती उतरली, अंग झटकलं, पाणी प्यायली."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तिला उतरवल्याचं आठवत होतं. नुसते विसरले असते तर वहिनीने घरात सांगून टाकलं असतं, रागावली असती, गाडीची किल्ली काढून घेतली असती. पण न घडलेली गोष्ट त्यांना बारीकसारीक तपशिलासकट आठवत होती, आणि कुत्री ओली झालेली पाहून जेव्हा त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की वहिनीला त्यांच्याकडे बघवेना.

"ती आमच्याकडे चालेल मला," वहिनी आत्ता म्हणाली. "भीती वाटते, पण होईल सवय. तुम्ही दोघंही चला."

"तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडणार. दिवसभर घरात मी आणि ती. पुढच्या वेळी तू येशील का दार उघडायला?"

वहिनीने त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"मग छोटीकडे राहू दे."

"इथे राहिली तर ती माझ्या दारात बसेल. खाणार नाही. मी पाहिलीयत अशी कुत्री, सूनबाई. माणूस ज्या दारातून गेला त्या दाराकडे तोंड करून बसतात ती. तिला दुसरं दार द्यायला हवं." त्यांनी स्वेटरची बाही ओढली. "आणि छोटीला यातलं कळलं तर ती रात्रंदिवस माझ्यावर पहारा ठेवेल. स्वतःचं सगळं सोडून. माझी पोर आहे ती, मला माहीत आहे."

"पण तुम्ही तर म्हणालात, बाईसाहेबांनाच विचारू. त्या तुमच्याकडेच येणार."

वहिनीची नजर खाटेच्या पायथ्याशी गेली. तिथे त्यांची कपड्यांची पिशवी भरून, गाठ मारून ठेवलेली होती. ती काही विचारणार तेवढ्यात दार ढकलून छोटी आत आली, आणि वहिनीने पायाने पिशवी खाटेखाली सारली.

"आप्पा, चला. तुमचं स्टूल सावलीत ठेवलंय, फाटकाच्या अगदी समोर." छोटी वाकून बाईसाहेबांच्या पट्ट्याला दोरी लावू लागली. मग वहिनीकडे न बघता म्हणाली, "वहिनी, तू कुंपणाबाहेर बस हं. उगाच तुला कुत्र्यांचा त्रास नको."

"बसते," वहिनी म्हणाली.

"आज संध्याकाळपासून तसा प्रश्नच मिटेल. तुझ्या घरात केस पडायला नकोत, आणि आप्पांना त्यांचं घर सोडायला नको. तुझं तुझ्याकडे, आमचं आमच्याकडे."

"छोटे," आप्पा म्हणाले.

"मी काही वाईट बोलले का?"

वहिनी मूग गिळून उभी राहिली. ती शाळेत चाळीस पोरांना नुसत्या भुवईने गप्प करणारी बाई, पण या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला कधी नेमका शब्द वेळेवर सापडला नव्हता. आज सापडला होता तर तो बोलायची बंदी होती. आप्पा वाकले, बाईसाहेबांच्या फाटक्या कानामागे त्यांनी बोट फिरवलं आणि दोरी छोटीच्या हाती राहू देऊन बाहेर पडले.

*

दादा गोलात बसला होता आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. ही स्टुलं आईने मुद्दाम बुटकी करून घेतली होती. कुत्र्यापुढे माणसाने उंच बसू नये, असं तिचं म्हणणं. तिच्या म्हणण्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे, अजूनही शिजत नव्हती.

आतापर्यंतचा कार्यक्रम छान झाला होता. एका लंगड्या तपकिरी कुत्र्याने एका जाडजूड वकिलांना पसंत केलं आणि वकील सगळ्यांदेखत रडले. एक काळं पिल्लू सगळ्यांना हुंगून शेवटी माईकच्या वायरपाशी झोपी गेलं, त्याला हशा आणि टाळ्या मिळाल्या. दर वेळी छोटी फाटकाशी उभी राहून आईच्याच सुरात म्हणाली, ठरलं. आता फक्त बाईसाहेब उरल्या होत्या.

आप्पा उठले. आपलं स्टूल त्यांनी उचललं आणि बाजूला, भिंतीजवळ नेऊन ठेवलं.

"काय झालं, आप्पा?" दादाने विचारलं.

"डोळ्यांवर ऊन येतंय."

आधीच्या जागी चांगली सावली होती. दादाला ते दिसलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. परवा डॉक्टर कुठे आहेत म्हणून विचारणारा माणूस सावलीला ऊन म्हणाला तर त्यात नवल काय. आप्पांच्या रिकाम्या जागी फाटकासमोर आता निवृत्त नर्सबाई सरकून आल्या. दर रविवारी निवाऱ्यातल्या कुत्र्यांचे केस विंचरायला येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या आज जरा घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

दादाला आपली स्वतःचीच लाज वाटत होती, कारण तो मनातून एका कुत्रीशी स्पर्धा करत होता. लहानपणी आप्पा कामावरून आले की घरात यायच्या आधी पिंजऱ्यांकडे जायचे. बूट वाजायचे, दादा खिडकीत पळायचा, आणि बूट घराला वळसा घालून मागे जायचे. पुढे तो डॉक्टर झाला, घर घेतलं, बापासाठी खोली ठेवली, तिच्या खिडकीला जाडा पडदा लावला. एकदा तरी त्या बुटांनी थेट आपल्या दारात यावं एवढंच त्याला हवं होतं. आणि आज तेही एक म्हातारी कुत्री ठरवणार होती.

छोटीने फाटक उघडलं. बाईसाहेब आत आल्या.

त्या घाई करत नसत. मधोमध येऊन थांबल्या, नाक वर केलं, हवा घेतली. मग त्यांची मान भिंतीकडे वळली. आप्पा दिसले तशी शेपूट एकदा हलली आणि त्या त्यांच्या दिशेने निघाल्या. संपलं, दादाला वाटलं. पडदा उगाच लावला.

तेवढ्यात आप्पा उभे राहिले. पाठ अवघडल्यासारखी त्यांनी ताठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात मागे घेऊन एकमेकांत गुंतवले.

बाईसाहेब जागीच थांबल्या. त्यांनी त्या पाठीकडे पाहिलं. कान मागे गेले, परत पुढे आले. मग त्या वळल्या, अंगण सरळ ओलांडलं आणि नर्सबाईंच्या डाव्या गुडघ्याशी जाऊन बसल्या. ताठ, समोर बघत, कामावर हजर झाल्यासारख्या.

दादा जिंकला होता. जिंकल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं, आणि तसं काही वाटत नव्हतं. आप्पा अजून भिंतीकडे तोंड करूनच उभे होते.

*

लोक छोटीकडे बघत होते. माईक तिच्या हातात होता आणि तिला एकच शब्द म्हणायचा होता.

पण ती बाईसाहेबांच्या बसण्याकडे बघत होती. मनाने निवडणारा कुत्रा असा बसत नाही. तो रेलतो, अंग टाकतो, पायावर पाय ठेवतो, चाटतो. हा डावा गुडघा, ही ताठ मान, हे तिने पूर्वी पाहिलं होतं. याच अंगणात, आईचा निवारा व्हायच्या आधी, इथे पथकातल्या कुत्र्यांचं मैदान होतं तेव्हा. फ्रॉक अडकेल म्हणून ओरडा खात ती कुंपणावर चढून बसायची आणि सोपवणी बघायची. कुत्रा शिकून तयार झाला की नवीन शिपाई समोर बसायचा, आप्पा भिंतीकडे तोंड करून हात मागे बांधायचे, आणि वर्षभर त्यांच्या सावलीत राहिलेला कुत्रा उठून शिपायाच्या डाव्या गुडघ्याशी जायचा. त्यानंतर आप्पा बराच वेळ वळत नसत. डोळ्यांत धूळ गेली म्हणत. बाईसाहेबांचीही एकदा अशीच सोपवणी झाली असणार. आजची ही दुसरी.

छोटी लोकांचे हात हुंगत बसली, खिसे उलटे करत बसली, गृहस्थांचे मोजे काढायला लावले. आणि बापाच्या पाठीकडे लक्ष ठेवायचं तिला सुचलं नाही.

छोटीने माईक बंद केला आणि सगळ्यांसमोरून चालत भिंतीपाशी गेली.

"वळा, आप्पा."

"तू ठरलं म्हण, मग वळतो."

"ही निवड नाही. तुम्ही तिला हुकूम दिलात."

"हाक मारली नाही. चुटकी वाजवली नाही. तुझ्या आईच्या नियमात पाठीबद्दल काही नाहीये."

"आईला फसवलं असतंत का असं?"

"तिला फसवता आलं नसतं. तिने मला भिंतीकडे बसूच दिलं नसतं." मागे गुंतवलेले हात त्यांनी अजून सोडले नव्हते. "म्हण ठरलं. लोक थांबलेत."

दादाही येऊन उभा राहिला होता. कुंपणाचं फाटक उघडून वहिनी आत आली. वाटेत सुटलेलं ते काळं पिल्लू तिच्या पायांत आलं, तरी ती थांबली नाही.

"मी तिला परत सोडते," छोटी म्हणाली. "तुम्ही तोंड समोर करून बसायचं. नीट. मग बघू ती कुणाकडे जाते."

"माझ्याकडे येईल. म्हणून तर."

"म्हणून तर काय? आप्पा, तुम्हाला हे घर सोडायचंय का? मला सांगायचं होतंत सरळ. मी काय बांधून ठेवलं असतं? ही सगळी..." तिला शब्द मिळेना. ती वहिनीकडे वळली. "तूच भरवलंस ना हे त्यांच्या डोक्यात? कुत्री नको, मग म्हातारे आपोआप येतील. झालं तुझ्या मनासारखं."

वहिनीने आप्पांच्या पाठीकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही, आणि तिचं गप्प राहणं दादाने पहिल्यांदा नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो ज्याला हट्ट समजत आला होता ते ओझं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"तिला बोलू नकोस," आप्पा म्हणाले आणि वळले. डोळे लाल होते, पण त्यांनी धुळीचं नाव काढलं नाही. "मी बाईसाहेबांना गाडीत कोंडलं होतं, छोटे. उन्हात. काचा लावून. आणि घरात येऊन निवांत चहा पीत बसलो."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. सूनबाई आली म्हणून वाचली. तिने मांडीवर घेऊन पाणी घातलं."

"वहिनीने?"

"भीत भीत," वहिनी म्हणाली. "चावेल असं वाटत होतं सारखं."

छोटीने कपाळाला हात लावला. ती रोज अशी जनावरं टेबलावर बघत होती, अशा माणसांना फैलावर घेत होती. बंद गाडी, ऊन, आत जनावर. त्या माणसांची तोंडं तिला पाठ होती. "विसरलात, आप्पा. विसरतं माणूस. मी किल्ली काढून घेते, मी रोज दुपारी..."

"विसरलो नाही. मला तिला उतरवल्याचं आठवतं. अजून आठवतं. आत्ता विचारलंस तर सांगेन, ती उतरली आणि पाणी प्यायली." ते थांबले. "ज्याची आठवणच खोटं बोलते त्याच्याकडे कुत्रं देशील का तू? बाहेरचा कुणी म्हातारा असा आला असता आणि बाईसाहेब त्याच्या पायाशी बसली असती, तर म्हणाली असतीस ठरलं?"

छोटीला रडू आलं होतं आणि ते लपवायला जागा नव्हती.

"सांग ना. डॉक्टर आहेस."

"नसते म्हणाले," ती म्हणाली.

"मग."

दादा पुढे झाला. त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताला अजून लवंगेच्या तेलाचा वास येत होता. "छोटे, मला नकोय असं," तो म्हणाला. "मी यांना घेऊन जाणार नाही. त्या कुत्रीला इथून हलवून नाही. आपण काहीतरी..."

"तू गप्प बस," आप्पा म्हणाले. "तुझी खोली बघायचीय मला. पडदा लावलायस म्हणे."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

छोटी वळली आणि नर्सबाईंकडे गेली. बाई दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसल्या होत्या. बाईसाहेब तशाच ताठ, समोर बघत.

"आप्पांनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं?"

"फक्त समोर बसा म्हणाले." बाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही. तुम्ही तिला भेटायला येत जा म्हटलं मी, तर म्हणाले, इतक्यात नको. तिचा जीव बसू दे आधी."

छोटी गुडघ्यांवर बसली. बाईसाहेबांच्या ताठ मानेवर तिने हात ठेवला. आतून थरथर होती, अगदी बारीक, बाहेरून कुणाला दिसली नसती. हुकूम पाळणाऱ्या कुत्र्यांत ती असते. पथकात याला चांगला कुत्रा म्हणत.

"तिला ताठ बसू नको म्हणून सांगा," छोटी म्हणाली. "रोज सांगा. पाय पसरायला शिकवा तिला."

"शिकवीन."

छोटी उठली. माईक तिने चालू केलाच नाही. तरी ती जे म्हणाली ते कुंपणापर्यंत ऐकू गेलं.

"ठरलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत.

*

ऊन उतरलं तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. नर्सबाई बाईसाहेबांना घेऊन गेल्या होत्या. कठड्यावरची जप्ती कावळ्यांनी संपवली होती, पेपरमिंटच्या गोळ्या तेवढ्या शिल्लक होत्या. दादाने आप्पांची पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसली. छोटी फाटक धरून उभी होती.

"वहिनी," ती म्हणाली.

"असू दे."

"नाही, मी..."

"रविवारी जेवायला ये. तेव्हा काय बोलायचं ते बोल. आत्ता नको, मलाही रडायला येईल."

आप्पा घराचं दार ओढून आले. एकदाही मागे न बघता ते फाटकातून बाहेर पडले, गाडीला वळसा घातला आणि मागचं दार उघडलं. पण ते आत बसले नाहीत. दार पूर्ण उघडं धरून ते बाजूला सरले आणि खाली जमिनीकडे बघत उभे राहिले. जिभेने त्यांनी टाळूवर एक बारीक आवाज केला, कुत्र्याला आत चढवायला करतात तसा, आणि थांबले.

दादाला आरशात दिसत होतं. छोटीच्या हातात फाटकाची कडी होती, ती तिने लावलीही नाही आणि सोडलीही नाही. ते विसरले होते की हाताला सवय होती, हे कुणाला सांगता आलं नसतं. आप्पांनी परत तो आवाज केला.

वहिनी पुढच्या दाराने उतरली. गाडीला वळसा घालून ती मागे आली, आप्पांनी धरलेल्या दारातून आत शिरली आणि पलीकडे सरकून बसली.

"बसा, आप्पा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्या जागेकडे. मग ते बसले आणि दार हळूच लावून घेतलं. दादाने किल्ली फिरवली.

"थांब," आप्पा म्हणाले. "आधी काचा खाली घे."

दादाने चारही काचा खाली घेतल्या, पार तळापर्यंत, आणि मग गाडी काढली.